फुलपाखराचा पंचनामा

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण शेलूबाजारात सध्या माझ्याबद्दल चार प्रकारच्या बातम्या फिरताहेत. कस्तुराबाईच्या वावरात मी पालथी पडले होते, हे खरं आहे. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट होता, हेही खरं आहे. पण मला चक्कर आली नव्हती, घरी भांडण झालं नव्हतं, आणि पंचनामा तर मी मुळीच करत नव्हते. मी फुलपाखराचा फोटो काढत होते. सरकारी नोकरीतल्या त्रेपन्न वर्षांच्या बाईनं फुलपाखराचा फोटो काढू नये, असा एकही शासननिर्णय माझ्या पाहण्यात नाही. आणि शासननिर्णय मी एकोणतीस वर्षं पाहत आले आहे.

मी रत्नमाला इंगोले. तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात वरिष्ठ सहायक. कोणत्या ऑफिसात ते सांगत नाही, कारण माझी अजून पाच वर्षं नोकरी बाकी आहे.

या सगळ्याला सुरुवात ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झाली. आमची लेक पौर्णिमा, तिनं तिचा कॅमेरा आणि जवळून फोटो काढायची एक लेन्स मला देऊन टाकली होती. महिनाभर खपून मी अंगणातल्या फुलपाखराचा एक फोटो काढला आणि मोठ्या हौसेनं ग्रुपवर टाकला. आमचे अधीक्षक जगदेवराव यांनी दोन मिनिटांत खाली लिहिलं, "मॅडम, पापड छान भाजला." त्याखाली सत्तावीस जणांनी हसरी तोंडं टाकली. त्यात दोघं असे होते, ज्यांची सेवापुस्तकं मी स्वतः रात्रीचा दिवस करून दुरुस्त केली आहेत. माणसानं किती सहन करावं? मी तिथल्या तिथे लिहिलं, "महिन्याच्या आत फुलपाखराचा चेहरा दाखवते. डोळ्यांसकट."

लिहून बसले खरी. पण जवळून फोटो काढणं म्हणजे काय, हे मला तेव्हा तरी कुठे माहीत होतं? लेन्स वीतभर अंतरावर न्यावी लागते. आपली सावली पडली की ते उडतं. जोरात श्वास सोडला की उडतं. गुडघा वाजला की उडतं, आणि माझा गुडघा वाजतोच. एवढं सगळं सांभाळून ते बसलंच, तर इतक्या जवळून लेन्सला तांदळाच्या दाण्याएवढीच जागा साफ दिसते. पंख साफ आला की डोळा जातो, आणि डोळा धरायला जावं तर फुलपाखरूच जातं.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. शेजारची अंजू म्हणाली, "ताई, पकडून दहा मिनिटं फ्रिजमधी ठेवा त्याले. गारठलं की हालत नाही. मी मोबाईलवर पाह्यलं."

"तुह्या लग्नातले फोटो तुले फ्रिजमधी ठेवून काढले होते का?" मी विचारलं. त्यावर ती चार दिवस बोलली नाही, आणि त्या चार दिवसांत माझं बरंच काम झालं.

आमचे हे, म्हणजे प्रसेनजित, हायस्कूलवर गणित शिकवतात. त्यांना प्रत्येक गोष्टीचं सोपं उत्तर लागतं. "रत्ना, शाळेच्या प्रयोगशाळेत पेटीत टोचलेलं एक फुलपाखरू हाय. त्याचा काढ अन् टाक ग्रुपवर. कोनाले काय समजते?"

"मले समजते."

"मंग झालं," असं म्हणून त्यांनी पेपर तपासायला घेतले. तीस वर्षांच्या संसारात "मंग झालं" या दोन शब्दांनी आमची निम्मी भांडणं मिटली आहेत आणि निम्मी सुरू झाली आहेत.

एकदा बाजारात कस्तुराबाईकडे सांबार घेत होते. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते, नाहीतर कोणी इडली शोधत येईल. कस्तुराबाई आणि तिचा नवरा बापूराव यांची हायवेच्या अलीकडे दीड एकराची बागाईत आहे. वांगी, मेथी, सांबार आणि विहिरीच्या कडेला लिंबाची सात झाडं. जुडी बांधता बांधता कस्तुराबाई करवादली, "काय सांगू मॅडम, लिंबावर अळ्याच अळ्या. पानं खाऊन राह्यल्या नुसत्या."

माझा चेहरा उजळला असणार. लिंबावरच्या त्या अळीचंच पुढे काळं-पिवळं, ठिपक्याठिपक्यांचं मोठं फुलपाखरू होतं. जिल्ह्यात अळीची बातमी ऐकून आनंद झालेली मी पहिलीच बाई असेन.

"त्या मले पायजेत," मी म्हटलं.

कस्तुराबाईनं जुडी खाली ठेवली. "अळ्या? नेऊन टाका ना माय सगळ्या. पिशवी देऊ का?"

नेता येणार नव्हत्या, तिथेच राहू द्यायच्या होत्या. ही गोष्ट वावरात जाऊन बापूरावांच्या गळी उतरवायला मला अर्धा तास लागला. ते पंप पाठीला लावून फवारायलाच निघाले होते. "मॅडम, दुश्मन हाय थो आपला. त्याचा फोटो कायले?" शेवटी बरंच डोकं खाजवून ते म्हणाले, "एक झाड सोडतो. विहिरीपासचं. बाकी सहा माहे." माझ्या अख्ख्या नोकरीत इतका स्वच्छ करार मी दुसरा पाहिलेला नाही.

पहिल्या रविवारी सकाळी सातला मी वावरात हजर. त्याआधी आठ दिवस लागोपाठ पाणी पडलं होतं आणि आता ऊन निघालं होतं. विहिरीजवळच्या पाइपाला गळती होती, तिथल्या चिखलावर पाच-सहा फुलपाखरं बसून पाणी पीत होती. चिखलातलं मीठ त्यांना आवडतं. पांढरी साडी पाहून ती बुजतात म्हणून मी मातकट रंगाचा शर्ट चढवला होता. पालथी पडले, कोपरांवर सरकत सरकत वीतभर अंतरावर गेले. गुडघा वाजला. सगळी उडाली. मी तशीच पडून राहिले, म्हटलं तुम्हाला तहान लागेलच. तोवर हात रिकामा नको म्हणून शेजारच्या झाडावरच्या अळीनं खाल्लेल्या पानाचा फोटो घ्यायला लागले. अगदी जवळून.

तेवढ्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ग्यानबा मामा चालले होते. धुऱ्याला लागूनच त्यांचं चार एकर सोयाबीन. ते थांबले. "काय करून राह्यल्या मॅडम?"

मी श्वास रोखलेला. बोलायची सोय नव्हती. म्हणून नुसता हात वर केला, थांबा म्हणून. आणि ग्यानबा मामांनी डोक्यावरची टोपी काढली अन् हात जोडून उभे राहिले.

आता इथे थोडं समजावून सांगायला पाहिजे. आमच्या भागात पानाचा जवळून फोटो कोणी उगाच काढत नाही. पीक पाहणीचा फोटो असतो, विम्याचा फोटो असतो, नुकसानीच्या पंचनाम्याचा फोटो असतो. त्यासाठी माणूस सरकारी लागतो, आणि तो एकदा येऊन गेला की वर्षभर येत नाही. आठ दिवसांच्या पाण्यानं उभ्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते आणि बघायला एक चिटपाखरू आलं नव्हतं. अशात तालुक्याच्या ऑफिसातल्या मॅडम, रविवारी, सुट्टीच्या दिवशी, चिखलात पालथ्या पडून खाल्लेल्या पानाचा फोटो काढताहेत. ग्यानबा मामांनी दुसरं काय समजायचं?

दुसऱ्या रविवारी मी पोचले, तर विहिरीजवळ चाळीस माणसं. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा आणि आधारची झेरॉक्स. कस्तुराबाई काठी घेऊन मधे उभी, "माह्या सांबारातून उतरा रे, उतरा म्हटलं ना!" फुलपाखरू अर्थातच एकही नव्हतं.

मी सगळ्यांना समजावलं. शांतपणे, मुद्देसूद. मी पंचनाम्याला आलेली नाही, मला तो अधिकार नाही, मी फुलपाखराचे फोटो काढते, हा माझा छंद आहे.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ग्यानबा मामा हळूच म्हणाले, "समजलं मॅडम. वरून सांगतलं असंन, कोनाले सांगू नका म्हून. आमी फुलपाखरूच म्हनू."

"अवो मामा, खरंच फुलपाखरू!"

"हो ना. आमी कुठं काय म्हटलं."

मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हेमला राठोड होता, तो शिकलेला, त्यानं वही काढली. ग्यानबा मामांनी सोयाबीनचं एक झाड मुळासकट उपटून आणलं होतं, ते छातीशी धरून ते माझ्यापुढे उभे राहिले. शेंगांतून हिरवे कोंब बाहेर आलेले. म्हातारा माणूस, ताठ उभा, नजर थेट लेन्समध्ये. "एक घ्या ना बाई," म्हणाले. मॅडम म्हणाले नाहीत, बाई म्हणाले.

आणि मी घेतला. इथे मी चुकले, हे मान्य करते, पण पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा घेईन. एकाचा घेतला म्हटल्यावर दुसऱ्याचा कसा नाही घ्यायचा? चाळीस फोटो झाले. खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. एकोणतीस वर्षांत लोक माझ्या टेबलापुढे कागद घेऊन उभे राहिलेत, पण माझ्यापुढे झाड धरून कोणी उभं राहिलं नव्हतं. शेवटी हेमलानं वही पुढे केली. ओळीनं चाळीस नावं, गट नंबर, सह्या, आणि खाली जागा रिकामी. कोणाच्याही नावांची यादी माझ्यापुढे आली आणि तळाशी जागा रिकामी दिसली की माझा हात आपोआप सही करतो. मी केली. तारीखही टाकली. वर ठळक अक्षरात "पंचनामा यादी" लिहिलंय, हे मी वाचलंच नाही. वाचायची सवय सुटते हो, सही करायची सुटत नाही.

बुधवारी ऑफिसात तक्रार आली. आता तुम्हाला वाटेल, तक्रार अशी असेल की या बाईनं विनापरवाना पंचनामा केला. छे. तक्रार नाल्यापलीकडच्या लोकांची होती, की मॅडमनी अलीकडचा पंचनामा केला आणि आम्हाला सोडलं, हा अन्याय आहे. सोबत हेमलाच्या वहीच्या पानाची झेरॉक्स. तळाशी माझी सही, लफ्फेदार.

गुरुवारी मला नोटीस मिळाली. ती जगदेवरावांनी स्वतः टाइप केली होती. "आपण सुट्टीच्या दिवशी, कार्यालयाची पूर्वपरवानगी न घेता, कॅमेरा या उपकरणासह शेतजमिनीत आडव्या स्थितीत आढळून आल्याबाबत" असा विषय होता. आडव्या स्थितीत! शिवाय तीन दिवसांत खुलासा द्यावा आणि "यापुढे कोणत्याही शेतात कॅमेरा नेणार नाही" असं हमीपत्र द्यावं, नाहीतर मानोऱ्याला बदलीचा प्रस्ताव पाठवला जाईल.

जगदेवरावांनी मला टेबलाशी बोलावून घेतलं. आवाज एकदम मायेचा. "मॅडम, घाबरू नका. खुलासा मीच लिहून ठेवलाय. तुम्ही फक्त सही करा." मी वाचला. या वेळी नीट वाचला. लिहिलं होतं, "मानसिक थकव्यामुळे माझे लक्ष अनवधानाने फुलपाखराकडे गेले."

"जगदेवराव," मी म्हटलं, "अनवधानानं लक्ष कसं जातं? मी दोन रविवारांपासून लक्ष देतेय."

"अहो, ही आपली भाषा झाली. वर असंच चालतं. अन् वय पण झालं ना आता, कोणी काही म्हणणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांच्या वावरात जाऊन मी दमले, थकले, वेडी झाले असं लिहून दिलं की मी निर्दोष, आणि मला फुलपाखरू आवडतं असं लिहिलं की मी गुन्हेगार? ते कागद मी तसेच त्यांच्या टेबलावर ठेवले. ठेवले म्हणजे आपटले. चहाचा कप हिंदकळला आणि मायेचा खुलासा भिजला, त्याला माझा इलाज नाही.

घरी प्रसेनजितचं गणित तयार होतं. "सही कर ना, काय जाते? पाच वर्षं राह्यले. या वयात रोज मानोऱ्याले जीपनं जाशीन का?"

"जाईन. मानोऱ्याले फुलपाखरं नाहीत का?"

"रत्ना, एका फोटोसाठी..."

"फोटोसाठी नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले, की अंजूच्या घरातली कुकरची शिट्टी थांबल्यासारखी वाटली. "सारी जिंदगी परवानगीनं उठले, परवानगीनं बसले. रजेचा अर्ज, मुख्यालय सोडायचा अर्ज. ही एक गोष्ट मी कोनाले न विचारता केली. अन् तीच पुन्हा करनार नाही म्हून लिहून देऊ? नाही देत. जा, सांगा."

कोणाला जाऊन सांगायचं होतं ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही. पण बोलणं तिथे थांबलं. त्या घरात तीन दिवस कोणी "मंग झालं" म्हटलं नाही.

सोमवारी मी खुलासा दिला नाही. मंगळवारी साहेब स्वतः स्थळपाहणीला निघाले. आमचे साहेब नवीन, दोन महिन्यांपूर्वी आलेले, वयानं माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठे असतील. सकाळी साडेनऊला कस्तुराबाईच्या वावरात जबाब नोंदवायचे ठरले. मी निघायला लागले, तर खुंटीवर तो मातकट शर्ट धुवून, इस्त्री करून लावलेला. शेजारी कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज केलेली. प्रसेनजित शाळेत निघून गेले होते. मी साडीवर शर्ट चढवला आणि कॅमेरा गळ्यात घातला. स्थळपाहणी आहे, तर स्थळावर होतं ते सगळं पाहायला नको का?

विहिरीजवळ कस्तुराबाईनं दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर साहेब, एकीवर जगदेवराव, मांडीवर फाइल. ऊन चढायला लागलं होतं आणि साहेब घामाघूम झाले होते. चाळीसजण तर आलेच, नाल्यापलीकडचेही आले. मोठे साहेब आले म्हणजे मोठा पंचनामा, हे कोणी कोणाला सांगावं लागलं नाही.

जगदेवरावांनी पेन उघडलं. "कस्तुराबाई, या मॅडम तुमच्या शेतात काय करत होत्या?"

"पडल्या होत्या."

"का?"

"आता मले काय मालूम? तुमी कधी पडून पाह्यलं का?"

जगदेवरावांनी लिहिलं, "आडव्या." मग बापूराव पुढे आले. "सायेब, सहा झाडाले मी फवारलं, एकाले नाही. त्या एका झाडावर मॅडमचा हक्क हाय, तोंडी ठरलेलं हाय. मले बाकी काही विचारू नोका."

ग्यानबा मामांचा जबाब सगळ्यात लांबला, कारण ते प्रत्येक उत्तराच्या शेवटी "अन् मॅडम फुलपाखरूच काढत होत्या" असं म्हणून माझ्याकडे पाहून डोळा मिचकवायचे. माझी बाजू इतक्या निष्ठेनं कोणी बुडवली नसेल.

शेवटी साहेब वैतागले. "मॅडम, हे वाढवू नका. हमीपत्रावर सही करा आणि विषय संपवा." त्यांनी पेन धरलेला हात माझ्यापुढे केला. मनगट घामानं चमकत होतं. आणि लिंबाच्या त्या एका झाडावरून, सहा झाडं फवारून राखून ठेवलेल्या त्याच झाडावरून, एक काळं-पिवळं फुलपाखरू आलं, दोनदा घिरट्या घातल्या आणि साहेबांच्या मनगटावर घड्याळाशेजारी बसलं.

घामातही मीठ असतं.

"साहेब, हलू नका!"

ऐंशी माणसांपुढे मी माझ्या वरिष्ठांना हुकूम सोडला होता. साहेब जागच्या जागी थिजले. मी चिखलात गुडघ्यांवर बसले. गुडघा वाजला. फुलपाखरू हललं नाही, तहानलेलं होतं. कॅमेरा डोळ्याला लावला, वीतभर अंतरावर गेले. मागून बापूराव जगदेवरावांना दटावत होते, "वो सायेब, श्वास नोका सोडू तिकडं." फुलपाखरानं गुंडाळलेली सोंड सरळ केली आणि साहेबांच्या मनगटावर टेकवली. मी केसभर पुढे झाले, केसभर मागे झाले. चौकटीत एकदम डोळा उजळला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग ते उडालं.

पडद्यावर पाहिलं. चेहरा होता. सबंध चेहरा. उडदाच्या दाण्यांसारखे दोन काळे डोळे, कपाळावर बारीक पिवळसर केस, आणि त्या दोन डोळ्यांमधून निघून साहेबांच्या घामापर्यंत गेलेली सोंड. ते माझ्याकडेच बघत होतं. मी रडले. थोडीशीच, पण रडले, आणि ते पुसलंही नाही.

कॅमेरा हातोहात फिरला. ग्यानबा मामांनी पडदा डोळ्यांशी धरला. जवळ-लांब करून पाहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "म्हंजे बाई... तुमी खरंच फुलपाखरू काढत होत्या?"

"मी काय सांगून राह्यली होती मामा, इतके दिवस!"

त्यांचा चेहरा पडला. चाळीसांचे पडले. एवढ्या आशेनं पंधरा दिवस ज्याची वाट पाहिली, ते खरोखरच फुलपाखरू निघालं होतं. माझा सगळा आनंद क्षणात उतरला. पिशव्यांतले सातबारे तसेच हातात होते.

साहेबांनी फोटो पाहिला, आपलं मनगट पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मी म्हटलं विरघळले. कसले विरघळतात! जगदेवरावांनी खाकरून कागद पुढे केला आणि साहेब म्हणाले, "छान आहे. आता सही करा."

मग मात्र मी बोलले. "साहेब, यादीवर मी सही केली, ती न वाचता केली, ती माझी चूक आहे. पण ही माणसं माझ्यामागे का आली, हे नोटिशीत कुठेच नाही. आठ दिवस पाणी पडलं, शेंगांना कोंब आले, आणि इथे कोणी फिरकलं नाही. म्हणून फुलपाखरामागे फिरणारी बाईसुद्धा यांना सरकार वाटली. तुम्ही इथपर्यंत आला आहात. ते सोयाबीन वीस पावलांवर आहे."

जगदेवराव म्हणाले, "हा आजचा विषय नाही." पण साहेब उठले होते. तरुण माणूस, लाज अजून शाबूत होती. धुऱ्यावरून ते ग्यानबा मामांच्या वावरात उतरले, एक शेंग हातात घेऊन फोडली. मग दुसरी. मग तिसरी. तिथूनच त्यांनी तहसीलला फोन लावला, ग्रामसेवकाला लावला, कृषी सहायकाला लावला. सगळ्यांना दुपारी बाराला इथे हजर व्हायला सांगितलं. तोवर पुरावा म्हणून स्वतःच्या मोबाईलवर शेंगेचा फोटो घेतला. आला धुरकट. पुन्हा घेतला, बोट साफ आलं आणि कोंब गायब. मी त्यांच्या मागे उभी होते.

"मॅडम," ते वळून म्हणाले, "तुमच्या कॅमेऱ्यात हा कोंब येईल?"

"येईल साहेब. मोजून दाखवता येईल. पण मला शेतात कॅमेरा आणायला मनाई होणार आहे ना?"

साहेबांनी जगदेवरावांकडे पाहिलं. जगदेवराव फाइलीत काहीतरी शोधायला लागले. "ते राहू द्या," साहेब म्हणाले.

"तोंडी नको साहेब. लेखी."

धुऱ्यावर कुजबुज झाली. साहेबांच्या कपाळावर आठी पडली आणि मग, मला वाटतं, त्यांना हसू आलं, पण पदाला शोभणार नाही म्हणून त्यांनी ते गिळलं. "तुम्ही खुलासाच दिलेला नाही, मॅडम. मी लेखी कशावर देऊ?"

हे मात्र नियमाला धरून होतं. मी हेमलाकडून वहीचं एक कोरं पान घेतलं, बापूरावांना वाकायला सांगितलं आणि त्यांच्या पाठीवर कागद ठेवून खुलासा लिहिला. माझ्या नोकरीतला सगळ्यात लहान खुलासा. "उपरोक्त विषयान्वये सादर, की मी रविवारी कस्तुराबाईंच्या शेतात फुलपाखराचा फोटो काढत होते. लक्ष अनवधानाने गेले नव्हते. येत्या रविवारी पुन्हा काढणार आहे." खाली सही. या वेळी आधी दोनदा वाचलं, मग केली.

साहेबांनी वाचलं. "शेवटचं वाक्य खोडा."

"नाही खोडणार."

"मॅडम, मला शेरा मारायचाय त्यावर."

"मारा ना साहेब. वाक्य तेच राहील."

ग्यानबा मामांनी टोपी काढून हातात घेतली होती. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या सोयाबीनकडे, मग बापूरावांना पुन्हा वाकवलं आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, "मान्य." खाली सही केली, तारीख टाकली.

मी तो कागद चौघडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि लेन्स पुसली.

"चला मामा," मी म्हटलं, "झाड उपटू नका आता. उभंच राहू द्या. मी पडते खाली."